हुल्देच्या दारी पाच जण

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी वडोदऱ्याहून आलेल्या एका पत्राने बाकीची पत्रे मागे सारली. ते पत्र दोन-चार जाणत्या मंडळींत वाचून दाखवले, तेव्हा त्यावरून आणखी प्रश्न निघाले आणि त्यांतले काही लेखी आले. म्हणून हा सबंध स्तंभ एकाच बाईसाठी राखून ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या दांडिया बाजारातील जुन्या वाड्याचे छप्पर उतरवताना माळ्यावर लाल रुमालात बांधलेली पोथ्यांची दोन बासने सापडली. ती पाहायला आलेले एक ख्रिस्ती स्नेही म्हणाले, की यरुशलेमच्या देवळाच्या दुरुस्तीतही अशीच एक पोथी निघाली होती आणि राजाने ती एका बाईकडे पाठवली होती. ही बाई कोण? तिने काय सांगितले? (एक वाचिका, वडोदरा)

उत्तर : आपल्या स्नेह्यांनी सांगितलेली कथा ग्रंथातलीच आहे, तिच्यात एक लहानशी दुरुस्ती करावी लागते, ती पुढे ओघात येईल. त्या बाईचे नाव हुल्दा. हिब्रू धर्मग्रंथाने तिला ‘नवीआ’ म्हटले आहे आणि मराठी बायबलात त्यासाठी ‘संदेष्ट्री’ हा शब्द रूढ आहे. पुढे काय घडणार हे सांगणे हा संदेष्ट्याच्या कामाचा एक भाग असला, तरी त्याचे मुख्य काम देवाचा निरोप जसाच्या तसा पोहोचवण्याचे असते, त्यामुळे हा मराठी शब्द मला फार नेमका वाटतो. हुल्देची सगळी हकिकत ‘दुसरे राजे’ या ग्रंथाच्या २२व्या अध्यायात शेवटच्या सात वचनांत आटोपते आणि थोड्या फरकाने ‘दुसरे इतिहास’ या ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात पुन्हा येते. त्याआधी तिचा उल्लेख नाही आणि त्यानंतरही नाही.

काळ इ. स. पू. ६२२च्या सुमाराचा आहे. यरुशलेम ही राजधानी असलेल्या यहूदा राज्याच्या गादीवर योशीया हा राजा होता. बापाचा त्याच्याच सेवकांनी खून केला, तेव्हा हा पोरगा आठ वर्षांचा होता. आता त्याच्या कारकिर्दीचे अठरावे वर्ष चालू होते, म्हणजे वय जेमतेम सव्वीस. त्याने यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी काढली होती. द्वारपाळांनी लोकांकडून जमा केलेला पैसा सुतार, गवंडी आणि पाथरवट यांना द्यावा, आणि ते इमानेइतबारे काम करतात म्हणून त्यांच्याकडे हिशेब मागू नये, असा राजाचा हुकूम होता. (आपल्या वाड्याच्या कारागिरांबद्दल आपल्यालाही असे म्हणता येते का, हे आपण लिहिलेले नाही.)

हा हुकूम घेऊन शाफान नावाचा चिटणीस मंदिरात गेला, तेव्हा मुख्य याजक हिल्कीया याने त्याला सांगितले, की परमेश्वराच्या मंदिरात मला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आहे. शाफानाने तो तेथेच वाचून पाहिला आणि मग तो राजाकडे परतला. राजापुढे त्याने आधी पैशाचा अहवाल दिला: रक्कम मोजून काढली, मुकादमांच्या हाती दिली. मग तो म्हणाला, हिल्कीया याजकाने माझ्याजवळ एक ग्रंथ दिला आहे. दरबारात किंवा कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही ही रीत ओळखू येईल. आधी जमाखर्च उरकून घ्यायचा आणि नाजूक विषय सहज आठवल्यासारखा शेवटी काढायचा. त्याने तो ग्रंथ वाचून दाखवला आणि ऐकता ऐकता राजाने आपली वस्त्रे फाडली.

तो ग्रंथ कोणता? तोराह, म्हणजे हिब्रू धर्मग्रंथाचे पहिले पाच ग्रंथ, त्यांतील शेवटचा ग्रंथ, ज्याला मराठी बायबलात ‘अनुवाद’ असे चमत्कारिक वाटणारे नाव आहे, त्याचा गाभा तो असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जर्मन पंडित दे वेट्टे याने १८०५ मध्ये या मताची मांडणी केली आणि त्यामागचे कारण सरळ आहे: पुढे योशीयाने जे जे केले, म्हणजे गावोगावची पूजास्थाने मोडून सगळी उपासना एका यरुशलेमात आणली, ते ते त्या ग्रंथातील आज्ञांशी जुळते. त्या ग्रंथाच्या २८व्या अध्यायात देवाशी केलेला करार मोडणाऱ्यांवर कोसळणाऱ्या शापांची जी लांबलचक यादी आहे, ती वाचली म्हणजे राजाने वस्त्रे का फाडली हेही वेगळे सांगावे लागत नाही.

राजाने पाच जणांना पाठवले: हिल्कीया याजक, शाफान चिटणीस, शाफानाचा मुलगा अहीकाम, अखबोर आणि राजाचा सेवक असाया. ‘जा, माझ्यासाठी, लोकांसाठी आणि सगळ्या यहूदासाठी परमेश्वराला विचारा’ एवढेच त्याने सांगितले; कोणाकडे जा, हे सांगितले नाही. ते पाचही जण थेट हुल्देच्या घरी गेले. येथेच ती दुरुस्ती येते. ग्रंथ त्यांनी सोबत नेला असे कोठेही म्हटलेले नाही. ‘ते तिच्याशी बोलले’ इतकेच लिहिले आहे, आणि हुल्दाही ‘यहूदाच्या राजाने वाचलेला ग्रंथ’ असाच त्याचा उल्लेख करते. शिवाय तो ग्रंथ आपल्या बासनातल्यासारख्या सुट्या पानांचा नसून गुंडाळीचा होता, हेही लक्षात ठेवावे.

हुल्दा ही शल्लूम नावाच्या माणसाची बायको. हा शल्लूम तिकवाचा मुलगा आणि हरहसाचा नातू, आणि घराणे वस्त्रे सांभाळणाऱ्यांचे. ती वस्त्रे राजाची की मंदिरातील याजकांची, याचा खुलासा ग्रंथ करत नाही. मराठी दरबाराच्या भाषेत सांगायचे तर तिचे घर जामदारखान्याकडचे. ती यरुशलेमच्या ‘मिश्ने’ या भागात राहत असे. या शब्दाचा अर्थ ‘दुसरा’, म्हणजे मूळ शहराबाहेर पश्चिमेच्या टेकडीवर वाढलेली वस्ती, असा सहसा लावला जातो. वडोदऱ्यात चार दरवाजांच्या आतले शहर निराळे आणि त्याबाहेर वाढलेला रावपुरा निराळा, तसा हा प्रकार. इ. स. पू. ७००च्या सुमारास ती वस्ती तटबंदीत घेतली गेली, आणि त्या तटाचा सुमारे सात मीटर जाडीचा तुकडा १९७०च्या दशकातील उत्खननात उघडा पडून आज रस्त्यावरून दिसतो.

हुल्देने दिलेले उत्तर दोन भागांत आहे आणि दोन्ही भागांचा सूर वेगळा आहे. पहिल्या भागाची सुरुवात ती ‘ज्या माणसाने तुम्हाला माझ्याकडे पाठवले, त्याला सांगा’ अशी करते. राजा हा शब्द ती वापरत नाही. या ठिकाणावर आणि येथल्या रहिवाशांवर ग्रंथात लिहिलेले सगळे अरिष्ट येणार, माझा क्रोध भडकला आहे आणि तो विझणार नाही, असा तो निरोप आहे. त्यात सवलत नाही, सुटकेची वाटही नाही. दुसऱ्या भागात मात्र ‘यहूदाच्या राजाला’ असा उल्लेख येतो: तुझे मन मऊ झाले, तू नम्र झालास, वस्त्रे फाडून माझ्यापुढे रडलास, म्हणून मी तुला तुझ्या पूर्वजांकडे नेईन, तू शांतीने आपल्या कबरेत जाशील आणि हे अरिष्ट तुझ्या डोळ्यांना पाहावे लागणार नाही. पाच जण हा निरोप घेऊन परत गेले. राजाने लहानथोर सगळ्यांना मंदिरात जमवून तो ग्रंथ वाचून दाखवला आणि खांबापाशी उभे राहून करार केला.

प्रश्न : त्याच काळात यिर्मयासारखा मोठा संदेष्टा यहूदात होता. त्याला सोडून एका बाईकडे जाणे पुढच्या धर्मशास्त्र्यांना खटकले नाही का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : खटकले, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. यिर्मयाला संदेष्टेपण मिळाले ते योशीयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे या घटनेच्या पाच वर्षे आधी. सफन्या हा संदेष्टाही याच राजाच्या कारकिर्दीतला. तेव्हा पुरुष संदेष्ट्यांचा दुष्काळ होता असे म्हणण्याची सोय नाही.

बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या मोठ्या संग्रहातील ‘मगिल्ला’ या प्रकरणात ज्यू पंडितांनी हा प्रश्न स्वतःच विचारला आहे आणि त्याची तीन उत्तरे दिली आहेत. एक म्हणतो, यिर्मया तिचा आप्त होता, तो मनाला लावून घेणार नव्हता. दुसरा म्हणतो, बायकांचे मन दयाळू असते, राजाला वाटले ही थोडे सौम्य सांगेल. तिसरा म्हणतो, यिर्मया गावातच नव्हता, तो परमुलखात नेल्या गेलेल्या इस्राएलाच्या दहा हरवलेल्या वंशांना परत आणायला गेला होता. तीनही उत्तरे वाचताना मला हसू येते, कारण तिन्हींचा कल हुल्देची निवड हा अपवाद ठरवण्याकडे आहे. दयाळूपणाची आशा धरून ते गेले असतील, तर त्यांच्या पदरी काय पडले ते वर आलेच आहे.

त्याच पानावर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, नहमान यांचा शेराही आहे. गर्व बायकांना शोभत नाही, असे म्हणून ते दोन गर्विष्ठ बायकांची नावे घेतात, दबोरा आणि हुल्दा. दबोरेने सेनापतीला निरोप धाडून बोलावून घेतले, आणि हुल्देने ‘राजाला सांगा’ म्हणायचे ते ‘त्या माणसाला सांगा’ असे म्हटले. ज्या पंडितांनी हा शेरा जपला, त्यांनीच त्याच चर्चेत हुल्देला सात संदेष्ट्र्यांच्या यादीत बसवले आहे: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर. यांपैकी खुद्द धर्मग्रंथाने ‘नवीआ’ ही पदवी मिर्याम, दबोरा आणि हुल्दा यांनाच दिली आहे. तीच पदवी यशयाची बायको आणि नहेम्याला विरोध करणारी नोअद्या यांनाही मिळते, पण त्या दोघी पंडितांच्या यादीत नाहीत.

मला स्वतःला खरे कारण फार साधे वाटते. ज्याच्या हाती पोथी सापडली, त्यानेच ती खरी ठरवणे बरे दिसत नाही. हिल्कीया मुख्य याजक होता, आणि सगळी उपासना एका मंदिरात आणणाऱ्या ग्रंथाचा फायदा त्याच्याच मंदिराला व्हायचा होता. निर्णय बाहेरच्या, पण दरबाराला परिचित असलेल्या व्यक्तीकडून हवा होता. वस्त्रागाराच्या घराण्यातली ही बाई चिटणिसांच्या रोजच्या पाहण्यातली असणार. कोणाकडे जायचे यावर पाच जणांत चर्चा झाली असे ग्रंथ सांगत नाही, ‘एक बाई’ म्हणून कोणी कुरकुरल्याचेही सांगत नाही. लिहिणाऱ्याला त्यात समजावून सांगण्यासारखे काही वाटलेच नाही, आणि तिच्या अधिकाराचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही. धर्मग्रंथाच्या जुन्या अरामी भाषांतराने तर ‘मिश्ने’ या शब्दाचा अर्थच विद्यागृह असा करून तिला तेथे बसवले आहे.

वडोदऱ्याच्या वाचकांना येथे एक गोष्ट आठवावी. सयाजीराव महाराजांच्या काळात १९१६ मध्ये सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ होती, आणि त्या ग्रंथात राजशेखराने सांगितले आहे, की पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होतात, कारण संस्कार आत्म्यावर होतो आणि तो स्त्री-पुरुष हा भेद पाहत नाही. पंडितांची परंपरा कोणतीही असो, तिच्यात रब्बी नहमानही भेटतात आणि राजशेखरही.

मात्र हुल्देच्या हाती आजच्या चळवळींचे निशाण देणाऱ्यांनी पुढचा अध्यायही वाचावा. तिने मान्य केलेल्या ग्रंथाच्या जोरावर योशीयाने मंदिरातली अशेरा देवीची मूर्ती किद्रोन ओढ्यापाशी जाळली आणि त्या देवीसाठी बायका ज्या खोल्यांत विणकाम करीत, त्या खोल्याही पाडल्या. त्या विणकरणींना हुल्देबद्दल काय वाटले असेल, हे लिहून ठेवायला कोणी नव्हते.

प्रश्न : योशीया शांतीने मरेल असे हुल्देने सांगितले, पण तो तर मारला गेला ना? मग तिला खरी संदेष्ट्री कसे म्हणायचे? (एक निवृत्त शिक्षक, रावपुरा, वडोदरा)

उत्तर : गुरुजी, आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. इ. स. पू. ६०९ मध्ये मिसरचा फारो नखो सैन्य घेऊन उत्तरेला निघाला, योशीया मगिद्दो येथे त्याला आडवा गेला आणि तेथेच मारला गेला. तेव्हा त्याचे वय होते ३९. ‘इतिहास’ ग्रंथ म्हणतो, की तिरंदाजांनी त्याला घायाळ केले, सेवकांनी त्याला दुसऱ्या रथात घालून यरुशलेमला आणले आणि तो तेथे मरण पावला. कसेही पाहिले तरी हे मरण अंथरुणावरचे नव्हे. अडचण दुहेरी होते ती अशी, की जो ग्रंथ हुल्देने खरा ठरवला असे मानतात, त्या ‘अनुवाद’ ग्रंथातच संदेष्ट्याची कसोटी दिली आहे: त्याचे बोलणे खरे झाले नाही, तर ते परमेश्वराचे बोलणे नव्हे. म्हणजे तिनेच मान्य केलेली फूटपट्टी तिलाच लावली जाते.

पारंपरिक उत्तरे आहेत. तालमूदातल्या एका मतानुसार ‘शांतीने’ याचा अर्थ त्याच्या हयातीत मंदिर पडणार नाही असा घ्यायचा, आणि तेवढे खरे झाले. यरुशलेम पडले ते इ. स. पू. ५८६ मध्ये, योशीयाच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी. काही भाष्यकार म्हणतात, की वचन कबरेविषयी आहे. तो शत्रूच्या मुलखात बेवारस पडला नाही, आपल्या कबरेत गेला. आणखी काहींचे म्हणणे असे, की वचन सशर्त होते आणि न मागितलेल्या लढाईत उडी घेऊन राजाने ते स्वतःच गमावले. तिसरे उत्तर मला वकिली वाटते, दुसऱ्यात थोडे तथ्य आहे.

पण मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट, आणि ती सांगण्यासाठी मी आपल्याला पोथीपाशी नेतो. जुन्या हस्तलिखितात लेखनिकाचे चुकले, तर तो खाडाखोड करीत नसे. चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फाशी, आणि त्या पिवळ्या पट्ट्यावर दुरुस्त अक्षर लिही. आपण एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासला’ म्हणतो ते येथूनच आले. मी एकदा अशी एक पोथी खिडकीशी तिरकी धरून पाहिली आहे. वरून सोनचाफ्यासारखा स्वच्छ पिवळा डाग दिसत होता, पण उजेड एका बाजूने पडताच त्याखालची दोन जुनी अक्षरे शाईच्या उंचवट्याने वर आली आणि मूळ काय होते ते वाचता आले. लिहिणाऱ्याचा हात कोठे चळला, हे पोथी शेकडो वर्षांनीही सांगते.

आता ‘राजे’ हा ग्रंथ पाहा. त्याच्या संपादकांना योशीयाचा शेवट ठाऊक होता, कारण तो त्यांनीच पुढच्या अध्यायात नोंदवला आहे. हुल्देचे वाक्य आणि मगिद्दोचे प्रेत यांच्यात एका अध्यायाचेही अंतर नाही. ‘शांतीने’ या एका शब्दावर हरताळ फासायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? त्यांनी तो फासला नाही. यावरून बरेच अभ्यासक असा निष्कर्ष काढतात, की निदान हे वाक्य तरी योशीयाच्या मरणाआधीचे, म्हणजे इ. स. पू. ६०९च्या पूर्वीचे असले पाहिजे; घडून गेलेल्या गोष्टीनंतर भाकीत रचणारा माणूस ते चुकीचे रचत नाही. अरिष्टाचा भाग नंतर कोणी ठळक केला असेल, यरुशलेम पडलेले पाहिल्यावर तसे करणे सोपेच होते. पण राजाला दिलेला दिलासा हुल्देच्या तोंडचा आहे असे मला वाटते, आणि तसे वाटण्याचे कारण हेच, की तो फसला. आपण ज्याला तिची चूक म्हणता, ती चूकच ती बाई प्रत्यक्ष होऊन गेल्याची सगळ्यांत भक्कम साक्ष आहे.

प्रश्न : हुल्दा या नावाचा अर्थ काय? आणि यरुशलेममध्ये तिच्या नावाचे दरवाजे आहेत, हे खरे का? (एक वाचिका, बाबाजीपुरा, वडोदरा)

उत्तर : नावाचा अर्थ ऐकून आपण दचकाल. आजच्या हिब्रूत ‘हुल्दा’ म्हणजे घूस किंवा मोठा उंदीर. जुन्या भाषेत तो शब्द मुंगसासारख्या, बिळांत शिरणाऱ्या लहान प्राण्याचा असावा. रब्बी नहमान यांनी टोमणा मारताना याचाही फायदा घेतला होता: एकीचे नाव गांधीलमाशी आणि दुसरीचे हे, दोन्ही नावे ओंगळ, असे ते म्हणतात. पण प्राण्यांची नावे ठेवण्याची त्या समाजात चालच होती. दबोरा म्हणजे मधमाशी, योना म्हणजे कबुतर. गंमत अशी, की हुल्देकडे गेलेल्या पाच जणांत शाफानाच्या नावाचा अर्थ खडकांच्या फटींत राहणारा सशाएवढा एक प्राणी असा आहे आणि अखबोर म्हणजे चक्क उंदीर. राज्याचे भवितव्य ठरवणारी ती बैठक नावांपुरती तरी बिळातल्या मंडळींची होती. आपल्याकडच्या धोंडू-दगडूंना कोणी हसत असेल, तर त्यांना हे जरूर सांगावे.

दरवाजांचे म्हणणे खरे आहे. ‘मिश्ना’ या ज्यू संहितेत मंदिराच्या टेकडीच्या दक्षिणेला ‘हुल्देचे दोन दरवाजे’ होते आणि लोक त्यांतून ये-जा करीत, अशी नोंद आहे. आज दक्षिणेच्या भिंतीत दोन कमानींचा एक आणि तीन कमानींचा एक असे दोन बुजवलेले दरवाजे दिसतात, त्यांनाच ते नाव दिले जाते. पण ही भिंत हेरोद राजाच्या बांधकामातली, हुल्देनंतर सहाशे वर्षांनी उभी राहिलेली. नाव संदेष्ट्रीवरून पडले, की दरवाजातून आत शिरताच बिळासारखा भुयारी चढ लागे म्हणून पडले, यावर मतभेद आहेत. त्याच ‘मिश्ना’त एक रीत सांगितली आहे. मंदिरात शिरलेला माणूस उजवीकडून वळून डावीकडून बाहेर पडे. ज्याच्यावर काही दुःख कोसळले असेल, तो मात्र उलट फिरे. समोरून येणारे विचारीत, डावीकडून का चाललास? तो म्हणे, मी सुतकात आहे. मग ते म्हणत, या घरात राहणारा तुझे सांत्वन करो. रडक्या भविष्याच्या बाईचे नाव मिरवणाऱ्या दरवाजांपाशी असे बोलणे होत असे, हे मला फार आवडते.

पाणीगेटच्या पलीकडे राहणाऱ्यांना एक लोककथाही सांगून टाकतो. एका जुन्या ज्यू कथासंग्रहानुसार हुल्देचा नवरा शल्लूम रोज पाण्याचा बुधला घेऊन नगराच्या वेशीवर बसे आणि येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला पाणी पाजी, आणि त्या पुण्याईने त्याच्या बायकोवर पवित्र आत्मा उतरला. बायकोच्या विद्येचे श्रेय नवऱ्याच्या पाणपोईला देण्याची ही युक्ती आपल्या पुराणिकांनाही सुचली असती.

प्रश्न : तिच्या काळचे काही अवशेष सापडले आहेत का? तिची समाधी कोठे आहे? (त्याच वाचिका)

उत्तर : हुल्देचे स्वतःचे काहीच सापडलेले नाही. शाफानाच्या घराण्याचे मात्र सापडले आहे. १९८२ मध्ये यरुशलेमच्या जुन्या दावीदनगरात उत्खनन करताना जळालेल्या एका घरात मातीच्या सुमारे पन्नास मोहोरा मिळाल्या. पपायरसवरचे दस्तऐवज आगीत गेले, पण त्यांच्या दोऱ्यांवर दाबलेली माती भाजून पक्की झाली. त्यांतल्या एकीवर ‘शाफानाचा मुलगा गमऱ्या’ असे नाव आहे. यिर्मयाच्या ग्रंथात याच नावाच्या माणसाच्या दालनात एक गुंडाळी वाचली जाते आणि ती पुढे योशीयाचा मुलगा राजा यहोयाकीम याच्याकडे पोहोचते. हिवाळ्याचे दिवस आहेत, राजापुढे शेगडी पेटली आहे. तीन-चार रकाने वाचून होताच राजा ते लेखनिकाच्या चाकूने कापतो आणि शेगडीत टाकतो, असे करत सगळी गुंडाळी जाळतो. आणि तेथे ग्रंथ मुद्दाम सांगतो, की कोणीही आपली वस्त्रे फाडली नाहीत. बापाने पोथी ऐकून कपडे फाडले होते, मुलाने पोथीच फाडली. त्या वेळी हुल्दा जिवंत होती की नाही, हे ग्रंथाने सांगितलेले नाही.

समाधीविषयी जुनी ज्यू परंपरा असे सांगते, की यरुशलेमच्या तटाच्या आत कबरी ठेवीत नसत, पण दावीदाच्या घराण्याच्या आणि हुल्देच्या कबरींना कोणी हात लावला नाही. राजघराण्याखेरीज हा मान तिला एकटीला मिळालेला दिसतो. आज जैतून पर्वतावर एक लहानशी गुहा दाखवतात. ज्यू भाविकांसाठी ती हुल्देची कबर आहे, ख्रिस्ती परंपरेत पश्चात्ताप करून संन्यासिनी झालेल्या पेलागियेची, आणि मुसलमान तेथे बसऱ्याच्या संत राबियेचे नाव घेतात. एकाच देवस्थानाला दोन समाजांनी दोन नावांनी नवस बोलल्याचे आपण पुष्कळदा पाहतो. येथे समाज तीन आहेत आणि तिघांनीही त्या गुहेत ठेवली ती बाईच.

प्रश्न : हे मराठीत कोठे वाचायला मिळेल? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : मराठी बायबलात ‘दुसरे राजे’, अध्याय २२ आणि २३. शक्य असल्यास पंडिता रमाबाईंचे भाषांतरही मिळवून पाहावे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये, आयुष्याच्या शेवटापर्यंत, त्या याच कामात होत्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापले गेले. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा परिचय करून घ्यायचा असेल, तर अहमदाबादचे १९३४ चे सभास्थान वडोदऱ्याहून दोन-अडीच तासांवर आहे.

जाता जाता, पहिल्या पत्रातील बासनांविषयी. पोथ्या उन्हात वाळत घालू नका, पानांना तेल किंवा चिकटपट्टी लावू नका आणि रुमाल सोडताना पानांचा क्रम मोडू देऊ नका. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात ज्या प्राच्यविद्या मंदिराने सिद्ध केली, ते आपल्याच गावात आहे. तेथे एकदा दाखवून या. प्रत्येक पोथीचे शेवटचे पान आधी पाहा, कारण लेखनिकाचे नाव आणि शक बहुधा तेथेच असतो, आणि काय निघाले ते आम्हाला कळवा.